बाबांचं मनगट आणि कॉर्डलेस स्क्रू ड्रायव्हर

(या भागाचं हे लेखी रूप. बिट्सचे नंबर टिपून घ्यायचे राहिले, अशा मेसेजवाल्यांसाठी खास. बोलतानाचे 'म्हणजे' आणि 'अ‍ॅक्च्युली' जमले तेवढे काढलेत, सगळे निघाले नाहीत.)

लोकलच्या दारात उभे असाल तर आधी जरा आत सरका, मग ऐका.

आज सुरुवातीला एक आवाज.

[घुर्रर्रर्र... कट-कट-कट]

हा छोटा कॉर्डलेस स्क्रू ड्रायव्हर. भिंत फोडणारं ड्रिल नव्हे. हातात मावणारा, फोनच्या चार्जरवर चार्ज होणारा, घरातल्या बारीकसारीक कामांचा. यातलं 'घुर्रर्र' सगळ्यांना आवडतं. दुकानदारही तेच दाखवतो, रील्समध्येही तेच असतं. मला मात्र आज त्या शेवटच्या 'कट-कट'बद्दल बोलायचंय. ते कळायला मला दोन खरेद्या लागल्या आणि बाबांच्या हाताला एक झटका बसला.

मी मुलुंड पूर्वेला राहतो, आई-बाबांबरोबर. ऑफिस ऐरोलीला, पूल ओलांडला की आलंच. काम सॉफ्टवेअरचं. बीटेक आहे, पण कॉम्प्युटरचं, त्यामुळे हत्याराशी संबंध पहिल्या वर्षीच्या वर्कशॉपपुरता. तिथे फायलिंगचा जॉब मी स्वतः पूर्ण केला होता का, हा प्रश्न आज नको.

बाबांचं अगदी उलट. वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत ते मेन्टेनन्स फिटर होते, बत्तीस वर्षं. रिटायर झाल्यावर ते आमच्या बिल्डिंगचे फिटर झाले. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या कपाटाचं दार, कुणाच्या देव्हाऱ्याची कडी, कुणाच्या बाळाच्या सायकलची साइड व्हील्स. पैसे घेत नाहीत, चहा घेतात. आईचं म्हणणं, चहाच जास्त महाग पडतो.

मागच्या जूनमध्ये, पहिल्याच पावसात, ते जिन्यात घसरले. उजवा हात टेकला आणि मनगटाजवळचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. प्लास्टर निघाल्यावर बोटं हलत होती, कप उचलता येत होता, सही करता येत होती. एकच हालचाल अडकली होती. तुम्ही आत्ता करून बघा. कोपर अंगाला चिकटवा, हात पुढे, तळवा जमिनीकडे. आता तळवा वर करा, प्रसाद घेताना करतो तसा. बाबांचा तळवा अर्ध्यात थांबायचा.

उजव्या हाताने स्क्रू आवळायला नेमकी हीच हालचाल लागते. कोपर वाकलेलं असताना दंडातला बायसेप्स तिला जोर देतो, म्हणून उजव्या हाताच्या माणसाला आवळणं सोपं आणि सोडवणं जरा जड जातं. फिजिओथेरपीवाल्या ताईंनी हे समजावलं तेव्हा बाबा म्हणाले, "म्हणजे माझी रोजीरोटी या एका वळणावर होती होय."

गणपतीच्या आधी आठवडाभर किचनमधल्या वरच्या कपाटाचं दार एका बिजागरीवर लोंबायला लागलं. आई म्हणाली, "सुतार बोलवा." बाबा म्हणाले, "चार स्क्रूंसाठी?" आणि त्यांनी ड्रॉवरमधून टेस्टर काढला. तुमच्याही घरी असेलच तो. पिवळट पारदर्शक दांडीचा, आत छोटा दिवा असलेला. आपल्याकडे घरोघरी स्क्रू ड्रायव्हर म्हणून टेस्टरच वापरतात आणि टेस्टर म्हणून जवळजवळ कधीच नाही. बाबांनी दोन वेळा लावून बघितला. दोन्ही वेळा सटकला. मग टेस्टर परत ड्रॉवरमध्ये ठेवला, ड्रॉवर नीट बंद केला आणि बाल्कनीत जाऊन बसले. काही बोलले नाहीत.

त्या रात्री मी मोबाईलवर ऑर्डर मारली.

आता माझी पहिली चूक. मी एकच आकडा बघितला, व्होल्ट. चांगल्या दिसणाऱ्या सगळ्या मशिनांवर ३.६ व्होल्ट लिहिलेलं, आणि एका पेटीवर ४.८. वर पंचेचाळीस बिट्स फुकट. शिवाय स्वस्त. मी म्हटलं, ४.८ म्हणजे ३.६ पेक्षा जास्त, झालं. बीटेक!

झालं असं, की त्या ४.८ मध्ये निकेल-कॅडमियमचे चार सेल होते, प्रत्येकी १.२ व्होल्टचे. आणि साठा ६०० मिलीअँपिअर-तास. ४.८ गुणिले ०.६, म्हणजे २.९ वॉट-तासच्या आसपास. ३.६ वाल्यात लिथियम-आयनचा एकच सेल असतो. तो १५०० मिलीअँपिअर-तासांचा धरला तर ३.६ गुणिले १.५, म्हणजे ५.४ वॉट-तास. जवळजवळ दुप्पट. तुमच्या फोनशी तुलना करा: ५००० मिलीअँपिअर-तासांच्या फोनमध्ये १९ च्या आसपास वॉट-तास असतात. म्हणजे या एवढ्याशा हत्यारात फोनच्या पावपेक्षा थोडी जास्तच वीज मावते, आणि स्क्रूंसाठी ती पुष्कळ होते. व्होल्टचा आकडा एकटा काही सांगत नाही. अँपिअर-तासांशी गुणाकार करून बघा, दोन सेकंदांचं काम आहे.

निकेल-कॅडमियमचं आणखी एक दुखणं. नुसतं पडून पडून ते उतरतं. घरी स्क्रू ड्रायव्हर महिन्यातून दोनदा लागतो. म्हणजे जेव्हा लागेल तेव्हा तो मेलेला, आणि चार्जिंगला पाच तास. लिथियम-आयन महिनोन्‌महिने ड्रॉवरमध्ये राहिला तरी जागा असतो. बॉशने २००३ मध्ये इक्सो नावाचा छोटा स्क्रू ड्रायव्हर काढला, लिथियम-आयनवर चालणारं ते पहिलं पॉवर टूल. ती बॅटरी मोठ्या ड्रिलच्या आधी या पिटुकल्या हत्यारात आली, याचं कारण मला तरी हेच दिसतं. घरातलं हत्यार बहुतेक वेळ झोपलेलं असतं.

तर ते मशीन मी रात्रभर चार्ज केलं, सकाळी बिजागरीच्या स्क्रूला लावलं, आणि 'घुर्रर्र' करत बिट स्क्रूच्या डोक्यात गरगरला. मी आणखी दाबलं. तो आणखी गरगरला. स्क्रूच्या डोक्यावरचं अधिक चिन्ह होतं त्या जागी छान गोल खड्डा झाला. आईने बघितलं आणि म्हणाली, "आता तर सुतारालाही निघायचा नाही."

इथे थोडं थांबू या, कारण हे सगळ्यांचं होतं. दुकानात आपण 'प्लस' आणि 'मायनस' एवढंच म्हणतो. पण प्लसचे प्रकार आहेत. साधा प्लस म्हणजे फिलिप्स. अमेरिकेत पोर्टलंडच्या हेन्री फिलिप्सने १९३६ मध्ये त्याचं पेटंट घेतलं आणि त्याच सुमाराला कॅडिलॅक गाड्यांच्या कारखान्यात तो वापरात आला. या खाचेच्या भिंती उतरत्या असतात, त्यामुळे जोर वाढला की बिट आपोआप वर सरकून बाहेर यायला बघतो. साठच्या दशकात त्याचा सुधारलेला भाऊ आला, पोझिड्राइव्ह. त्याच्या भिंती जवळजवळ सरळ असतात, म्हणून तो सटकत नाही. ओळखायचा कसा? मोठ्या प्लसच्या मधल्या कोनांत चार बारीक रेघा दिसतात. बिटवर फिलिप्सला पीएच आणि पोझिड्राइव्हला पीझेड लिहिलेलं असतं.

मॉड्यूलर किचनच्या आतल्या बाजूला गोल वाटीवाली जी बिजागरी असते, सुतार तिला ऑटो हिंज म्हणतात, तिच्यावर बहुतेक वेळा पीझेड २ लागतो. आयकेआच्या फर्निचरमध्येही बरेचसे स्क्रू पोझिड्राइव्हच. तुर्भ्याचं दुकान डिसेंबर २०२० मध्ये उघडल्यापासून आपल्याकडच्या किती घरांत ते फर्निचर आलंय, तुम्ही जाणताच. आणि आपण त्याला पीएच लावतो. बसतो, असं वाटतं. बसत नाही. मी तेच केलं होतं, वर फुकटातला बिट मऊ लोखंडाचा.

लक्षात ठेवायचे तर एवढेच: घरासाठी पीएच २, पीएच १ आणि पीझेड २. खेळणी आणि रिमोटसाठी पीएच ०. एक चपटा. बस. पंचेचाळीस बिट्सच्या पेटीतले चाळीस तुम्ही कधी बाहेरही काढणार नाही. त्यापेक्षा हे पाच चांगल्या पोलादाचे, सुटे घ्या. मागची दांडी पाव इंची षट्‌कोनी, म्हणजे ६.३५ मिलिमीटर, हे माप सगळीकडे एकच आहे, त्यामुळे बिट कुठल्याही कंपनीचा चालतो.

मग शनिवारी मी आणि बाबा मसजिदला गेलो. मसजिद बंदर स्टेशनवरून चालत नागदेवी स्ट्रीट. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मुंबईतली हत्यारांची जुनी पेठ. इथून लोहार चाळही जवळ, तिथे इलेक्ट्रिकचं सामान. रविवारी जाऊ नका, बहुतेक शटर बंद असतात. बाबा पडल्यानंतर पहिल्यांदाच लोकलने एवढे लांब आले होते, आणि त्या गल्लीत शिरल्यावर त्यांची चाल बदलली. प्रत्येक दुकानापाशी थांबायचं, पाना उचलायचा, वजन बघायचं, ठेवायचा.

दुकानातले काका गुजराती. मी म्हटलं, "कॉर्डलेस स्क्रू ड्रायव्हर." ते आतल्या पोऱ्याला ओरडले, "बॅटरीवाला डिसमिस दिखा!" गुजरातीत स्क्रू ड्रायव्हरला डिसमिस म्हणतात. घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीच्या हार्डवेअरवाल्यांकडे हा शब्द तुम्ही ऐकला असेल. मी ऐकला होता, पण मला वाटायचं ते काहीतरी नोकरीतून काढून टाकण्याबद्दल बोलतायत.

काकांनी तीन मशिनं काउंटरवर ठेवली आणि मी लगेच विचारलं, "पॉवर किती?" बाबांनी विचारलं, "बंद असताना फिरतो का?"

मला प्रश्नच कळला नाही. त्यांनी एक मशीन उचललं, बटण न दाबता बिट पकडीत धरला आणि मशीन हाताने वळवलं. बिट जागचा हलला नाही. "हां, हे घे. म्हणजे मोटर बंद करून साध्या स्क्रू ड्रायव्हरसारखा वापरता येतो." याला स्पिंडल लॉक म्हणतात, हे मी नंतर शोधलं. दुसऱ्या मशीनचा बिट बोटांनी गरगर फिरला. ते बाजूला गेलं.

ही चाचणी पेटीवर छापलेली नसते. दुकानात हातात घेऊनच करता येते. ऑनलाइन घेतलंत तर आल्या आल्या करा, परत करायची मुदत संपायच्या आत.

बाकी मी बघितलं ते असं. टॉर्क म्हणजे पिळाचा जोर, तो या छोट्या मशिनांत ३ ते ६ न्यूटन-मीटर असतो. आकडा डोळ्यांपुढे यायला: १० सेंटीमीटर लांब दांडीच्या टोकाला ५ किलो वजन टांगलं तर जो पीळ बसतो, तो म्हणजे साधारण ५ न्यूटन-मीटर. बिजागरी, हँडल, पडद्याचे ब्रॅकेट, खुर्चीचे स्क्रू, याला भरपूर. वेग मिनिटाला दोनशे ते साडेतीनशे फेरे. ड्रिलचे हजारावर असतात म्हणून हा कमी वाटतो. पण स्क्रूला मंदपणाच लागतो.

आकार दोन. एक सरळ, टॉर्चसारखा. दुसरा पिस्तुलासारखा. सरळ अडचणीत शिरतो. पिस्तूल हाताला स्थिर बसतं. काही मशिनं अशी असतात की बटण नाही, स्क्रूवर दाबलं की सुरू होतात. मजेशीर आहे, पण डोक्यावर हात करून काम करताना मला ते नको वाटलं. आम्ही पिस्तूल घेतलं, साडेतीनशे ग्रॅमच्या आसपासचं, ट्रिगरवालं, तोंडाशी आकड्यांची रिंग असलेलं. दोन हजारांच्या आत.

त्या रिंगवर १ ते ६ आकडे होते. मी घरी येऊन ती ६ वर फिरवली. फोनमध्ये ब्राइटनेस फुल, गेममध्ये ग्राफिक्स अल्ट्रा, तशीच सवय. आणि मशीन बाबांच्या हातात दिलं.

दाराला नवीन स्क्रू. बाबांनी ट्रिगर दाबला. स्क्रू सुंदर आत गेला, तळाला टेकला, थांबला. मोटर थांबली नाही. स्क्रू फिरत नाही म्हटल्यावर मशीनने स्वतःला फिरवलं, आणि मशीन धरलेलं बाबांचं मनगट. बाबांच्या तोंडून फक्त "स्स" एवढंच आलं. मशीन त्यांनी ओट्यावर ठेवलं. मी विचारलं, "लागलं का?" म्हणाले, "नाही." चेहरा पांढरा पडला होता.

मंडळी, ५ न्यूटन-मीटरचा झटका तुमच्या-माझ्या हाताला काही नाही. हात जरासा हलतो, एवढंच. पण जितका पीळ स्क्रूला, तितकाच उलटा पीळ धरणाऱ्या हाताला. न्यूटनचा तिसरा नियम आपण शाळेत दहा मार्कांसाठी पाठ केला होता, तो मला तेव्हा आमच्या किचनमध्ये समजला. नुकत्याच सांधलेल्या मनगटासाठी मी मशीन आणलं आणि त्याच मनगटाला सगळ्यात जास्त ताण बसेल अशा सेटिंगवर ठेवून हातात दिलं. आई त्यानंतर दोन दिवस माझ्याशी मोजकंच बोलली.

बाबा पुढचे तीन आठवडे त्या मशीनला हात लावेनात.

आता ती रिंग म्हणजे काय ते सांगतो. तो क्लच. आतमध्ये छोटी मोटर खूप वेगाने फिरते. मधलं एक चाक आणि भोवतीची तीन-चार चाकं, सूर्य आणि ग्रहांसारखी, तो वेग कमी करून जोर वाढवतात. पुढे स्प्रिंगने दाबून धरलेल्या गोळ्या असतात. पीळ ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की गोळ्या खाचेतून निसटतात, मोटर फिरत राहते पण बिट थांबतो, आणि आवाज येतो: कट-कट-कट. रिंग फिरवून आपण त्या स्प्रिंगचा दाब बदलतो. काही महागड्या मशिनांत स्प्रिंग नसते, मोटर किती करंट ओढतेय ते सर्किट बघतं आणि करंट वाढला की बंद करतं. काम तेच.

रिंगवरचे १, २, ३ हे न्यूटन-मीटर नाहीत, नुसत्या पायऱ्या आहेत. एका मशीनचा ३ दुसऱ्याच्या ३ इतका असेलच असं नाही. म्हणून नियम साधा: नेहमी १ वरून सुरू करा. स्क्रू पूर्ण बसायच्या आधीच कट-कट झालं तर एक पायरी वर. पुन्हा अडला, आणखी एक. एकदा त्या लाकडासाठी आकडा सापडला की त्या दिवसाचे सगळे स्क्रू त्याच आकड्यावर.

मी एका संध्याकाळी हॉलमधल्या टीव्ही युनिटचं हँडल बसवत होतो, रिंग २ वर ठेवून. घुर्रर्र, कट-कट. घुर्रर्र, कट-कट. बाबा आतून आले. "हा आवाज कसला?" दाखवलं. त्यांनी मशीन घेतलं, या वेळी डाव्या हाताचा आधार खाली लावून, आणि ट्रिगर दाबला. कट-कट. मनगट जागच्या जागी. त्यांनी तीन-चारदा मोकळ्या हवेत, मग एका फळीवर करून बघितलं. मग म्हणाले, "अरे, हे आधी सांगायचं ना. कंपनीत टॉर्कचा पाना होता आमच्याकडे. ठरल्या मापाला टक् करायचा. हे तेच."

इथून पुढचा भाग माझा नाही, बाबांचा. मी फक्त पोचवतोय.

पहिलं. जुन्या भोकात स्क्रू परत घालताना आधी उलटा फिरवा. हलक्या हाताने, मोटर बंद. एका जागी स्क्रू किंचित खाली बसल्यासारखा होतो, 'टुक' असं जाणवतं. तिथे जुना आटा सापडला. आता सुलटा फिरवा. असं नाही केलं तर स्क्रू लाकडात नवीन आटा पाडतो, आणि पार्टिकल बोर्ड असेल तर दोन-तीनदा असं झालं की भोकाचा भुगा. मला वाटतं, आजच्या भागातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची तर ही ठेवा. मशीन विकत घ्या अथवा नका घेऊ.

दुसरं. सुरुवातीचे दोन फेरे हाताने, मधले मशीनने, शेवटचा अर्धा पुन्हा हाताने. म्हणून तर बंद असताना न फिरणारा बिट हवा. स्क्रू किती घट्ट झाला हे हाताला कळतं.

तिसरं. भोक सैल झालं असेल तर मोठा स्क्रू शोधत बसू नका. माचिसच्या काड्यांची टोकं तोडा, फेव्हिकॉलमध्ये बुडवून भोकात ठोका, रात्रभर वाळू द्या, वर आलेलं कापून टाका, मग स्क्रू लावा. फेव्हिकॉल १९५९ पासूनचं आणि त्या कंपनीचं ऑफिस आपल्या अंधेरीतलं, म्हणजे उपाय पूर्ण स्थानिक आहे. आमचं किचनचं दार शेवटी असंच बसलं. तो गोल खड्डा पडलेला स्क्रूही बाबांनीच काढला: खड्ड्यावर रबर बँडचा तुकडा ठेवला, त्यावरून पीझेड २ दाबून हळूहळू उलटा फिरवला. हाताने नाही, मशीनने, १ वर, मंद. मला काढता आला नसता.

आणि दार लोंबलंय म्हणून लगेच सगळे स्क्रू उघडू नका हं. ऑटो हिंजला दार सरकवायचे वेगळे स्क्रू असतात, एक डावी-उजवीकडे, एक आत-बाहेर. पावसाळ्यात प्लायवूड फुगतं आणि दारं एकमेकांना घासायला लागतात, तेव्हा बहुतेक वेळा या स्क्रूचा अर्धा फेरा पुरतो. ऑक्टोबरात परत उलटा अर्धा फेरा.

चौथं, स्क्रू. सुतार जे काळे स्क्रू वापरतात ते मुळात जिप्समच्या सीलिंगसाठी. कडक असतात, म्हणून आवळताना मान तुटते, आणि मुंबईच्या दमट हवेत सिंकजवळ गंजतात. किचन आणि बाथरूमसाठी स्टेनलेस घ्या. पण स्टेनलेस मऊ असतो, त्यामुळे तिथे क्लच आणखी खाली.

आता कुठे वापरायचा नाही. भिंतीत भोक पाडायला नाही. आपल्या इमारतींचं काँक्रीट या मशीनला हसतं. तिथे हॅमर ड्रिल, भाड्याने किंवा सोसायटीतल्या कुणाचं, आणि दुपारी झोपलेल्यांचा विचार करून. लॅपटॉप किंवा फोन उघडायला नाही, त्या स्क्रूंना याचा क्लच १ सुद्धा जास्त होतो. स्विचबोर्डच्या आत तर नाहीच. या मशीनच्या तोंडाशी उघडं लोखंड असतं आणि आपल्या घरात २३० व्होल्ट. बोर्ड उघडायचाच असेल तर एमसीबी बंद, मग टेस्टरने खात्री (बघा, टेस्टरला शेवटी त्याचं खरं काम मिळालं), आणि वर इन्सुलेशन असलेला, १००० व्होल्टची खूण असलेला हातातला स्क्रू ड्रायव्हर. प्लेटचे दोन स्क्रू मशीनने आवळले तर प्लास्टिकची प्लेट तडकते, हेही मी करून बघितलंय. साठ रुपये.

चार्जिंगची एक गंमत, फोनवाल्यांसाठी. पुष्कळ मशिनांवर यूएसबी-सी पोर्ट असतं, पण फोनच्या नव्या चार्जरला, ज्याच्या दोन्ही टोकांना सी असतं, लावलं की काहीच होत नाही. मशीन बिघडलेलं नसतं. यूएसबी-सीमध्ये समोरच्या यंत्राने 'मी वीज घेणारा आहे' हे सांगायला ५.१ किलोओहमचे दोन छोटे रेझिस्टर लावायचे असतात. पैसे वाचवायला काही जण ते लावतच नाहीत. ते नसले की चार्जर वीज सोडत नाही. जुनी, एका बाजूला चौकोनी टोकाची केबल लावा, चालू होतं. माझ्या ऑफिसातल्या मित्राने याच कारणासाठी मशीन परत पाठवलं होतं.

बॅटरी पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी करून महिनोन्‌महिने ठेवू नका, अर्धी ठेवा. खिडकीतल्या उन्हात नको. आणि माझ्यासारखं जुनं निकेल-कॅडमियमवालं कुणाकडे असेल तर ते ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका, कॅडमियम विषारी आहे, ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

बरेच जण विचारतील, मग घेऊ का? तुम्ही पीजीत राहता, वर्षाला चार स्क्रू, तर नका घेऊ. चांगला रॅचेटवाला हातातला घ्या, तो कधी डिस्चार्ज होत नाही. घर बदलत असाल, फर्निचर स्वतः जोडत असाल, किंवा घरात कुणाचं मनगट, बोटांचे सांधे दुखत असतील, तर घ्या. किंवा मजल्यावर मिळून एक घ्या. आमच्या मजल्यावर चार घरं आहेत आणि चारही घरांना एकच पुरतोय.

पुरतोय म्हणजे, मशीन आता माझ्याकडे नसतंच. हा भाग रेकॉर्ड करायला ते मला बाबांकडून मागून घ्यावं लागलं, "संध्याकाळी सातच्या आत परत हवंय" या अटीवर. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा पडद्याचा रॉड निघालाय.

[दाराची बेल]

हं, सात वाजले. ऐकलंत ना? काकू स्वतःच आल्यात न्यायला.

तुमच्या घरातला असा अडलेला स्क्रू असेल तर मेसेज करा, फोटो टाका, खाचेचा जवळून घ्या म्हणजे पीएच की पीझेड ते कळेल. बाबांना विचारून उत्तर देतो. पुढच्या भागात गळणारा नळ, त्याचा वॉशर आणि सोसायटीच्या प्लंबरची वाट बघणं. भेटू या!